दोन्ही टोकं धरून?

‘३७ ते ८२ च्या दरम्यान एकूण किती संख्या आहेत?’ पर्याय चार : ४४, ४५, ४६, ४७. ब्याऐंशीतून सदतीस गेले, उरले पंचेचाळीस. मुलगा दुसरं वर्तुळ काळं करतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. तो असंच करणार हे प्रश्न काढणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं, म्हणून तर ४५ तिथे मांडून ठेवलेला असतो. अपेक्षित उत्तर बहुधा ४६. बहुधा म्हणायचं कारण असं, की या वाक्यात ‘ते’ एक सांगतो आणि ‘दरम्यान’ दुसरंच. ३७ ते ८२ म्हटलं तर दोन्ही संख्या मोजायच्या, म्हणजे ४६. सदतीस आणि ब्याऐंशी यांच्या दरम्यान म्हटलं तर दोन्ही सोडायच्या, म्हणजे ४४. एक धरली आणि एक सोडली तर ४५. चारांतले तीन पर्याय कुठल्या ना कुठल्या वाचनाने बरोबर ठरतात आणि वजाबाकीत कुणीच चुकलेलं नसतं.

दोन संख्यांमधल्या पूर्णांकांची मोजदाद हा अंकगणितातला अगदी तळाचा विषय. पण त्याची पाळंमुळं बरीच लांब गेली आहेत. पंचांगात, कायद्यात, कुंपणाच्या खांबांत आणि संगणकाच्या भाषांत हाच एक घोळ वेगवेगळ्या वेशात भेटतो.

पुण्याहून नगरकडे येताना शहर लागायच्या आधी केडगाव लागतं. दौंडजवळचं केडगाव वेगळं, तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. हे रेणुकामातेचं केडगाव. एके काळचं गाव आता महापालिकेच्या हद्दीत आलं आहे, आणि नोकरदार वस्ती वाढली की शिकवण्या वाढतात हा नियम इथेही लागू आहे. एकाच घरात धाकटा शिष्यवृत्तीच्या तयारीला, मधली नवोदयच्या आणि थोरला पोलीस भरतीच्या, असं चित्र या भागात नवलाचं नाही. शिष्यवृत्ती परीक्षा पूर्वी चौथी-सातवीला असायची, २०१६-१७ मध्ये ती पाचवी-आठवीला नेली होती. तिच्यात गणिताचे ५० प्रश्न १०० गुणांना आणि बुद्धिमत्ता चाचणीचे तेवढेच. जिल्ह्याचं नवोदय विद्यालय पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला आहे, आणि त्याच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत ८० पैकी २० प्रश्न अंकगणिताचे असतात. पोलीस भरतीच्या १०० गुणांच्या लेखी परीक्षेतही अंकगणित आणि बुद्धिमत्ता चाचणी आहेच. वयं तीन, परीक्षा तीन, पण मोजदादीचा प्रश्न तिन्हीकडे तोच, फक्त कपडे बदललेला.

हे कपडे कसे बदलतात ते पाहण्यासारखं आहे. रांगेत राजू डावीकडून बारावा आणि उजवीकडून पंधरावा, तर रांगेत मुलं किती? सव्वीस, कारण बारा आणि पंधरा मिळवताना राजू दोनदा मोजला गेला. दोरीचे दहा तुकडे करायला किती वेळा कापावं लागेल? नऊ. घड्याळात सहाचे टोल पडायला ५ सेकंद लागतात, तर बाराचे पडायला किती? दहा म्हणणारे बहुसंख्य असतात. उत्तर अकरा, कारण वेळ टोलांना लागत नाही, टोलांमधल्या अंतरांना लागतो. तयारीच्या पुस्तकांत यांची प्रकरणं वेगवेगळी : रांगेतील स्थान, खांब व अंतर, घड्याळ, संख्याज्ञान. प्रत्येकाची ‘ट्रिक’ वेगळी. एकीत एक मिळवा, दुसरीत एक वजा करा, तिसरीत काहीच करू नका. मुलं त्या पाठ करतात आणि परीक्षेत कुठली कुठे लावायची यात अडकतात. माझ्या मते घोटाळ्याचं मूळ इथे आहे. मिळवलेला किंवा वजा केलेला तो एक म्हणजे सूत्राचा तुकडा नसतो, टोकांचं काय करायचं याबद्दल घेतलेला तो निर्णय असतो. निर्णय न शिकवता नुसता एक शिकवला की तो कुठेही जाऊन बसतो.

व्यवहारात मात्र मराठी माणूस हा निर्णय न चुकता विचारतो. ‘आजचा धरून की उद्यापासून?’ औषधाच्या दुकानात पाच दिवसांच्या गोळ्या घेताना, मांडववाल्याशी भाडं ठरवताना, रजेचा अर्ज लिहिताना हा सवाल आपसूक तोंडात येतो. प्रश्नपत्रिका मात्र तो विचारत नाही आणि विचारूही देत नाही.

आपली जुनी मोजणी दोन्ही टोकं धरणारी. बारसं बाराव्या दिवशी, तेही जन्माचा दिवस पहिला धरून. दहावा आणि तेरावाही तसेच. या सोमवारी भेटलेला माणूस पुढच्या सोमवारचा वायदा करताना ‘आठ दिवसांनी येतो’ म्हणतो आणि त्यात कुणाला काही खटकत नाही, कारण दोन्ही सोमवार मोजले की आठच होतात. गणपतीत तर दोन्ही हिशेब एकत्र नांदतात. चतुर्थीला बसतो, चतुर्दशीला उठतो. चौदातून चार गेले दहा, म्हणून दहा दिवसांचा गणपती. दोन्ही दिवस धरले तर अकरा, म्हणून विसर्जन अकराव्या दिवशी. २०२५ साली २७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर असे बरोबर अकरा दिवस भरले, आणि तरी उत्सव दहा दिवसांचाच म्हटला गेला.

केडगावच्या देवीचं नवरात्र याहून गमतीचं. घट बसल्यापासून रोज एक माळ, नऊ दिवसांच्या नऊ माळा, दहाव्या दिवशी दसरा. प्रतिपदा ते नवमी, नवातून एक गेला आठ, त्यात एक मिळवला नऊ. सूत्र चोख बसलं. पण २०२५ मध्ये घटस्थापना २२ सप्टेंबरला आणि दसरा २ ऑक्टोबरला आला. तारखांनी मोजा : सप्टेंबरचे बावीस ते तीस हे नऊ दिवस आणि ऑक्टोबरची एक तारीख, म्हणजे नवरात्राचे दिवस दहा. एका तिथीची वृद्धी झाली, ती लागोपाठ दोन सूर्योदयांना राहिली. तिथ्या मोजल्या तर नऊ, दिवस मोजले तर दहा. टोकं दोन्ही मोजण्यांत धरली होती, तरी उत्तरं वेगळी आली, कारण मोजण्याची वस्तूच वेगळी होती. नऊ दिवस झेपत नाहीत असे लोक ‘उठता-बसता’ उपवास करतात, म्हणजे नवरात्र बसतानाचा आणि उठतानाचा. मधलं सगळं सोडून फक्त टोकं धरण्याची ही सोय गणिताच्या कुठल्याच पुस्तकात नाही.

कायद्याने मात्र हा गोंधळ एका कलमात मिटवला. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्यखंड अधिनियमाचं नववं कलम सांगतं की मुदत मोजताना पहिला दिवस वगळायचा असेल तर ‘पासून’ हा शब्द पुरे आणि शेवटचा दिवस धरायचा असेल तर ‘पर्यंत’ हा. १९६३ च्या मुदत अधिनियमातलं बारावं कलमही ज्या दिवसापासून मुदत मोजायची तो दिवस वगळतं. एक टोक आत, एक बाहेर. त्यामुळे अपिलाची तीस दिवसांची मुदत काढताना नुसती तीसची बेरीज पुरते, जास्तीचा एक सांभाळावा लागत नाही. वकिलाला हे पाठ असतं. पक्षकार निकालाच्या दिवसापासून मोजतो आणि एक दिवस आधीच घाबरतो.

दिवस मोजण्याचा हा घोळ इतिहासातही भेटतो. केडगावहून नगरचा भुईकोट किल्ला काही लांब नाही. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत धरलेल्या काँग्रेस नेत्यांना तिथे आणून ठेवलं. त्यांत नेहरू होते. २८ मार्च १९४५ ला त्यांना नगरमधून हलवलं आणि १५ जून १९४५ ला अलमोड्याहून सोडलं. हा त्यांचा सर्वांत लांबलचक कारावास, आणि त्याचा आकडा १,०४१ दिवस असा दिला जातो. पडताळून पाहा. ९ ऑगस्ट १९४२ ते ९ ऑगस्ट १९४४ ही दोन वर्षं, १९४४ लीप वर्ष असल्याने ७३१ दिवस. तिथून १५ जून १९४५ पर्यंत ऑगस्टचे २२, मग ३०, ३१, ३०, ३१, ३१, २८, ३१, ३०, ३१ आणि जूनचे १५, असे ३१०. बेरीज १,०४१. म्हणजे हा आकडा नुसत्या वजाबाकीचा आहे, अटकेचा आणि सुटकेचा यांपैकी एकच दिवस त्यात आहे. दोन्ही धरले तर १,०४२. अटक पहाटे झाली, तेव्हा तो दिवस का सोडावा, असं कुणी विचारलं तर त्याचं म्हणणं खोडून काढता येणार नाही. इतिहासाच्या पुस्तकांतले बहुतेक ‘इतके दिवस’ याच जातीचे असतात.

त्याच किल्ल्याचा तट आणखी एक गोष्ट दाखवतो. तट फिरून पुन्हा स्वतःलाच येऊन मिळतो, त्यामुळे जितके बुरूज तितकेच दोन बुरुजांमधले तटाचे तुकडे. एक कमी नाही, एक जास्त नाही. रांग सरळ असली की टोकं दोन, रांग वळून मिटली की टोकं नाहीतच. हीच गोष्ट प्लॉटला तारेचं कुंपण घालताना पैशांत भोगावी लागते. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, चौरस प्लॉट असेल तर ३३ फूट बाय ३३ फूट. खांब दर ११ फुटांवर. एका बाजूला ३३ भागिले ११, म्हणजे तीन गाळे, खांब चार. चार बाजूंचे चार चोक सोळा खांब, असा हिशेब करून सोळा सिमेंटचे खांब टेम्पोत घालून आणले, तर उभे करून झाल्यावर चार खांब बाजूला पडून राहतात. कोपऱ्याचा प्रत्येक खांब दोन बाजूंनी मोजला गेला होता. पूर्ण घेर १३२ फूट, १३२ भागिले ११, बारा खांब. आणि प्लॉटच्या एका बाजूला शेजाऱ्याची भिंत आधीच उभी असेल, तार तिलाच ठोकायची असेल, तर उरलेल्या तीन बाजूंच्या ९९ फुटांत नऊ गाळे आणि खांब फक्त आठ. गवंडी यातलं एकही सूत्र वापरत नाही. तो फक्कीची रेघ मारून खड्ड्यांच्या खुणा करतो आणि खुणा मोजतो. त्याची पद्धत सर्वांत भरवशाची आहे.

हा घोळ आपल्यापुरताच आहे असं नाही. रोमन वास्तुकार व्हिट्रूव्हिअसने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे, की देवळाच्या लांब बाजूला दर्शनी बाजूच्या दुप्पट खांब लावणारे चुकतात. दुप्पट करायच्या त्या खांबांमधल्या मोकळ्या जागा. खांब दुप्पट केले तर एक जागा जास्तीची येते. याहून महाग पडलं ते ज्युलिअस सीझरच्या पंचांगाचं प्रकरण. दर चौथ्या वर्षी एक दिवस वाढवा, असा त्याचा नियम इसवी सनापूर्वी ४५ मध्ये लागू झाला. सीझरच्या खुनानंतर पंचांग सांभाळणाऱ्या पुरोहितांनी ‘चौथं वर्ष’ दोन्ही टोकं धरून मोजलं आणि दर तीन वर्षांनी दिवस वाढवत राहिले. छत्तीस वर्षांत नऊच्या जागी बारा दिवस वाढले. मग ऑगस्टसने बारा वर्षं लीप दिवस बंद ठेवून ते जास्तीचे तीन जिरवले. आठ दिवसांनी येणाऱ्या सोमवारवाल्या माणसाच्या हाती पंचांग दिलं असतं तरी हेच झालं असतं.

आता पटींकडे. इथे एक मिळवायचा की नाही हे पाठ करून काही उपयोग होत नाही. १४ ते ३५ या बावीस संख्यांत ७ ने भाग जाणाऱ्या किती? १४, २१, २८, ३५, म्हणजे चार. हीच खिडकी एका घराने पुढे सरकवा : १५ ते ३६. संख्या बावीसच, पण ७ च्या पटी २१, २८, ३५, म्हणजे तीन. लांबी तीच, उत्तर वेगळं. म्हणून ‘अंतराला सातने भागा आणि एक मिळवा’ ही ट्रिक कधी लागते, कधी फसते. दहावीच्या अंकगणिती श्रेढीत याची वाट दिलेली आहे. दोन अंकी संख्यांत ४ ने भाग जाणारी पहिली १२, शेवटची ९६, मधलं अंतर ८४, त्याचे चारचारचे २१ टप्पे आणि पदं २२. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० च्या सुमारास, हाच नियम उलट्या दिशेने येतो : गच्छातून (पदांच्या संख्येतून) एक वजा करा, चयाने (दोन पदांमधल्या फरकाने) गुणा, आदी (पहिलं पद) मिळवा, अंत्यधन (शेवटचं पद) मिळालं. पदं बावीस असली तरी उड्या एकवीसच, हे त्या ‘एक वजा करा’मध्ये आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळ पाटण इथे मठ काढला, त्याचा शिलालेख १२०७ सालचा आहे. उड्या आणि पदं यांतला फरक तिथे आठशे वर्षांपूर्वी शिकवला जात असणार.

तरीही शाळेत शिकवायला मला याहून सोपी वाटते ती ‘पर्यंत वजा पर्यंत’ची रीत. १ पासून २०० पर्यंत ७ च्या पटी किती? २०० ला ७ ने भागा, भागाकार २८, बाकी विसरा. १ पासून ९९ पर्यंत किती? १४. मग १०० ते २०० मध्ये अठ्ठावीस वजा चौदा, चौदा. सगळी मोजणी एकापासूनच सुरू करायची, नको असलेला अलीकडचा भाग पुसून टाकायचा. १०० धरायचा आहे, म्हणून ९९ पर्यंतचंच पुसायचं, निर्णय तिथे उघड दिसतो. देवीच्या वर्गणीचा खजिनदार हेच करतो. पावती क्रमांक ३५१ ते ४१२ या वर्षीच्या, तर चारशे बारातून साडेतीनशे गेले, बासष्ट पावत्या. तो ३५१ वजा करत नाही, गेल्या वर्षी संपलेला क्रमांक वजा करतो. या रीतीने दोन अटी एकत्र आल्या तरी अडत नाही : १ ते १०० मध्ये ३ च्या पटी ३३, ५ च्या २०, दोन्हींच्या म्हणजे १५ च्या ६. तेहतीस आणि वीस मिळवून सहा काढले की ३ किंवा ५ ने भाग जाणाऱ्या संख्या ४७. त्या रांगेतल्या राजूसारख्याच या सहा संख्या दोनदा मोजल्या गेल्या होत्या.

ऋण संख्यांचं थोडक्यात. उणे ५ ते ५ मध्ये पूर्णांक अकरा. दहा सांगणारा शून्याला विसरलेला असतो. अंकांच्या प्रश्नांतही हाच धागा आहे. १ ते १०० लिहिताना ५ हा अंक २० वेळा येतो, पण ५ असलेल्या संख्या १९, कारण पंचावन्नात तो दोनदा आहे. १ हा अंक २१ वेळा येतो, तो जास्तीचा एक शंभराने आणलेला. प्रश्न ‘१ ते ९९’ असा असता तर तो आला नसता.

संगणकवाल्यांनी याचा निकाल आपल्या परीने लावला आहे. पायथनमध्ये १ पासून १०० पर्यंतची रेंज मागितली तर हाती ९९ पर्यंतच्याच संख्या येतात, आणि अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला असलेला प्रत्येक जण यावर एकदा तरी डोकं आपटतो. पण त्यामागे विचार आहे. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९८२ मध्ये एक छोटं टिपण लिहिलं. पहिलं टोक धरा, शेवटचं सोडा, म्हणजे संख्या किती याचं उत्तर नुसत्या वजाबाकीने मिळतं आणि लागून असलेले दोन पट्टे जोडताना मधली संख्या दोनदा येत नाही, असं त्यांचं म्हणणं. कायदा पहिलं टोक सोडतो, संगणक शेवटचं सोडतो, फायदा दोघांना एकच मिळतो.

महाराष्ट्रात या मोजदादीचा खरा रसिक म्हणजे देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६). ६१७४ या संख्येमुळे त्यांचं नाव जगभर झालं, पण त्यांच्या ‘स्वयंभू संख्या’ मला अधिक देखण्या वाटतात. कुठल्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते : १५ मध्ये १ आणि ५ मिळवले की २१. ज्या संख्येला असा कुणीच जनक नाही ती स्वयंभू. १ ते १०० मध्ये अशा १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६ आणि ९७, एकूण तेरा. वीसपासून पुढे दर ११ वर एक, आणि शंभरानंतरची पहिली १०८. आपल्याच अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी ‘हर्षद’ म्हटलं. शंभरापर्यंत त्या ३३ आहेत. पाचवीच्या वर्गाला दोन तास गुंतवून ठेवायला या दोन याद्या पुरेशा आहेत, शिवाय तिथे पर्याय क्रमांक दोनचा सापळाही नाही.

मूळ संख्यांपाशी मात्र सगळ्या रीती थकतात. शंभरापर्यंत मूळ संख्या २५, हजारापर्यंत १६८, दहा हजारांपर्यंत १,२२९. त्या साधारण किती विरळ होत जातात हे १८९६ मध्ये सिद्ध झालं. त्या अंदाजातली चूक नेमकी किती लहान, हा रीमानच्या अटकळीशी बांधलेला प्रश्न अजून सुटलेला नाही. गोव्यात जन्मलेले, फर्ग्युसनमध्ये शिकवून गेलेले दामोदर धर्मानंद कोसंबी १९५९ मध्ये त्या अटकळीच्या सिद्धतेचा दावा करून बसले, तोही शेती-संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. दावा टिकला नाही. शंभरापर्यंतच्या मूळ संख्या मोजायला शिकवणीवर्गांतली मुलं मात्र एक उपाय वापरतात. दर दहाच्या गटात मूळ संख्या किती, याचा दहा अंकी आकडा मोबाइल नंबरासारखा पाठ करून ठेवतात : ४४२२३२२३२१. पहिल्या दहांत चार, अकरा ते वीस चार, एकवीस ते तीस दोन, आणि शेवटच्या एक्क्याण्णव ते शंभरमध्ये एकटी ९७.